पियानोचा सूर वाजता वाजता उतरतो? काटा का हलतो ते सोप्या तपासणीपासून शोधा

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते: "पट्टी दाबली की ट्यूनर अ‍ॅपचा काटा आधी वर जातो, मग खाली घसरतो. तारा सैल झाल्यात का?" सोलापुरात पियानो मोजकेच आहेत. एखाद्या शाळेचा हॉल, चर्च, हौसेनं घेतलेली काही घरं. पण जिथे पियानो आहे आणि कुणीतरी मोबाइलवर ट्यूनर उतरवून घेतलाय, तिथे ही शंका निघतेच. हार्मोनियमवरून पियानोकडे आलेल्यांना तर हमखास. हार्मोनियमचा सूर भाता चालू असेतोवर जागचा हलत नाही. पियानोचा सूर हातोडी पडल्या क्षणापासून विझायला लागतो, आणि विझताना त्याच्यात काय काय घडतं हे काट्याला नीट वाचता येत नाही.

आधी लक्षणं बघा. तुमचं लक्षण कुठलं, त्यावर कुठली तपासणी महत्त्वाची ते ठरतं.

- काटा सुरुवातीला दोन-चार सेंट वर, अर्ध्या-एक सेकंदात खाली येऊन स्थिर.
- काटा ठरावीक लयीत वर-खाली झुलतो.
- दोन-तीन सेकंद सगळं ठीक, मग सूर एका बाजूला सरकतो आणि तिथेच राहतो.
- सूर विझत आला की काटा भरकटतो, कधी कधी चक्क वर चढतो.
- खर्जाच्या पट्ट्यांवर काटा एका सप्तकातून दुसऱ्यात उड्या मारतो.
- एका ठोक्यात काही हलत नाही, पण काल लागलेला सूर आज उतरलेला आहे.

मापाचं एक सांगून ठेवतो. एका सेमीटोनचे, म्हणजे काळ्या-पांढऱ्या धरून लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे, १०० सेंट. मध्य सप्तकातली पांढरी सहा (इंग्रजी A) ४४० हर्ट्झला लावलेली असेल, तर तिथे १ सेंट म्हणजे जेमतेम पाव हर्ट्झ. अ‍ॅपवर काटा दोन सेंट हलला की डोळ्यांना मोठा वाटतो, पण प्रत्यक्षात तो अर्ध्या हर्ट्झचा मामला असतो.

पहिली तपासणी: हळू वाजवा

खर्च शून्य, वेळ एक मिनिट. तीच पट्टी आधी दणकून, मग मध्यम, मग अगदी हलक्या हातानं वाजवा. प्रत्येक वेळी काटा किती घसरतो ते पाहा.

जोरात वाजवल्यावर घसरतो आणि हळू वाजवल्यावर जवळपास घसरत नाही, असं असेल तर पियानोला काही झालेलं नाही. तार जोरानं हलते तेव्हा ती किंचित ताणली जाते. ताण वाढला की सूर चढतो. हालचाल कमी होत गेली की जादाचा ताण ओसरतो आणि सूर आपल्या जागी येतो. ही वाढ हालचालीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे हालचाल निम्मी झाली की चढलेपणा पावच उरतो. म्हणून घसरण सुरुवातीला झपकन होते आणि नंतर दिसेनाशी होते. मध्य सप्तकात दणकून वाजवल्यावर एक-दोन सेंटचा फरक हा तारेचा स्वभाव आहे. तंबोऱ्याची तार जोरात छेडली की सूर आधी चढा लागतो, तेच हे. त्याला कुठलाही कारागीर दुरुस्त करू शकत नाही, आणि कुणी "करून देतो" म्हणाला तर पैसे देऊ नका.

ठोक्यानंतरचा पहिला दशांश सेकंद मोजमापातून वगळाच. तिथे हातोडीचा आणि लाकडाचा 'ठक्' इतका असतो की अ‍ॅप जे दाखवेल त्याला अर्थ नाही.

हळू वाजवूनही काटा तितकाच हलत असेल, तर पुढे चला.

पंखा, कूलर, पेडल

आपल्याकडे ही पायरी लोकांना पटत नाही, कारण मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद करायला सांगणारा माणूस शत्रूच वाटतो. पण करा. छताच्या फिरत्या पंख्यावरून आवाज परावर्तित होतो, पाती सरकतात तशी परत येणारी लाट कमी-जास्त होते, आणि सुराला कंप येतो. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला १५० फेरे घेत असेल तर तो कंप सेकंदाला साडेसात वेळा. अ‍ॅपला हा कंप सुरात दिसतो, पियानोत तो नसतोच.

दुसरं, विजेची गुणगुण. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटचा जुना चोक, इन्व्हर्टर, कूलरची मोटर यांची गुणगुण प्रामुख्यानं १०० हर्ट्झला ऐकू येते. मध्य सप्तकाच्या दोन सप्तकं खालची पांढरी पाच आहे ९८ हर्ट्झला. सूर जोरात असेपर्यंत अ‍ॅप ९८ दाखवतं. तो विझला की त्याच्या कानात उरते ती १०० ची गुणगुण, आणि काटा ३५ सेंट वर सरकतो. "सूर शेवटी चढतो" अशी तक्रार या पट्टीबद्दल आली की मी आधी स्विचबोर्ड बघतो. शहराच्या पूर्व भागात घराशेजारी यंत्रमाग असेल तर खालच्या सप्तकांचं मोजमाप माग बंद असतानाच करा. ती घरघर जमिनीतून पियानोच्या पायापर्यंत येते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आसपास राहणाऱ्यांनी हा उद्योग सरळ पुढे ढकलावा.

उजव्या पेडलवर पाय आहे का तेही बघा. ते दाबलेलं असलं की सगळ्या तारा मोकळ्या होतात आणि एका पट्टीसोबत पन्नास तारा गुणगुणतात.

मोबाइल आणि अ‍ॅप

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच संपतात.

आधी मोजणारं यंत्र तपासा, मग मोजायची वस्तू. दुसऱ्या मोबाइलवर ४४० हर्ट्झचा सलग सूर लावा, तो मोबाइल पियानोच्या जागी ठेवा आणि अ‍ॅपवर वीसेक सेकंद काटा बघा. मग त्या सुराचा आवाज हळूहळू शून्यावर आणा. हा सूर हलू शकत नाही. दोन मोबाइलच्या घड्याळांत फरक असतो, पण तो सहसा सेंटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. तरीही काटा हलला, तर दोष खोलीत, माइकमध्ये किंवा अ‍ॅपमध्ये आहे. पियानो उघडायची गरजच नाही.

मोबाइल हातात धरू नका. स्टूलावर ठेवा, पियानोच्या झाकणावरही नको. मोजताना हात सेकंदाला २० सेंटीमीटर वेगानं पियानोकडे गेला, तरी निव्वळ त्या हालचालीनं सूर १ सेंट चढा दिसतो. रेल्वेच्या शिट्टीचा जवळ येतानाचा सूर चढा लागतो तोच नियम. 

मोबाइलचं नॉइज सप्रेशन बंद करा. ते माणसाच्या बोलण्यासाठी केलेलं असतं. एकसारखा चाललेला सूर म्हणजे पंख्याची घरघर असं समजून ते तो दाबायला लागतं, मग सोडतं, मग परत दाबतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटवरून कुणाच्या पियानोचं निदान करायला जाऊ नका, त्यात हेच घडलेलं असतं. रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये वेव्ह फाइल निवडा. सगळ्याच पट्ट्या एकसारख्या दीड सेमीटोनच्या आसपास खाली-वर दिसत असतील, तर कुठेतरी ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला आवाजाच्या ४४,१०० आणि ४८,०००) नोंदींची सरमिसळ झाली आहे. तो फरक बरोबर १४७ सेंट येतो. त्याचा विझण्याशी संबंध नाही.

आता अ‍ॅपच्या डोक्यात काय चालतं ते. पियानोची तार जाड आणि कडक असते. त्यामुळे तिचे वरचे उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणारे बारीक सूर, गणितानं यायला हवेत त्याहून चढे येतात: दुप्पट, तिप्पट, चौपट असे नेमके नाहीत, तर प्रत्येक थोडा वर. उपस्वराचा क्रमांक दुप्पट झाला की हा चढेपणा जवळपास चौपट होतो. पट्टी दाबल्यावर सुरुवातीला हे सगळे उपस्वर भरपूर असतात, आणि बरीच अ‍ॅप्स सगळ्यांचा मिळून एक सूर काढतात. साहजिकच तो चढा निघतो. वरचे उपस्वर लवकर विझतात, खालचे मागे राहतात, आणि अ‍ॅपचा निकाल खाली येतो. एकही उपस्वर जागचा हललेला नसताना काटा घसरतो.

याचा तपास घरी होतो. रेकॉर्डिंग संगणकावर ऑडॅसिटी या ध्वनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, फुकट आहे. ४४० च्या पट्टीला लो-पास फिल्टर लावा, मर्यादा ६०० हर्ट्झ, उतार जितका तीव्र मिळेल तितका. म्हणजे ८८० च्या आसपासचा दुसरा उपस्वर आणि त्यावरचे सगळे बाजूला पडतात. मग हा गाळलेला सूर अ‍ॅपला परत ऐकवा. घसरण गेली? मग ती अ‍ॅपची होती. उरली? मग ती तारेत आहे, पुढची तपासणी करा.

खर्जातल्या उड्यांचं कारण वेगळं. तिथे मूळ स्वर इतका क्षीण असतो की लहान अपराइटमध्ये (उभ्या पियानोत) तो जवळजवळ ऐकूच येत नाही. अ‍ॅप उपस्वरांवरून अंदाज बांधतं आणि चुकतं. शिवाय ५५ हर्ट्झच्या सुरात दशांश सेकंदात जेमतेम साडेपाच कंपनं होतात, तेवढ्यावरून एक सेंट सांगणं कठीणच. तिथे चौथा उपस्वर, म्हणजे २२० च्या आसपासचा, गाळून मोजा. अ‍ॅपमधली स्वर आपोआप ओळखायची सोय बंद करून पट्टी हातानं निवडा. प्राट हे आणखी एक फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात सुराची खालची-वरची मर्यादा आवळून ठेवली की उड्या थांबतात.

सगळ्यात वरच्या सप्तकाचा नाद सोडा. तिथला सूर इतक्या लवकर विझतो की घसरण मोजायला काही शिल्लक राहत नाही.

तीन तारा, एक सूर

इथून पुढे पियानो उघडावा लागतो, म्हणून हे इतक्या उशिरा. अपराइट असेल तर वरचं झाकण उचला आणि समोरची फळी काढा. बहुतेक पियानोत ती दोन खिट्ट्यांवर असते. तारांना बोटं लावू नका. घामाचा हात लागला की पावसाळ्यापर्यंत तिथे गंजाचा ठिपका तयार.

मधल्या आणि वरच्या भागात एका पट्टीला तीन तारा असतात, खाली दोन, अगदी खर्जात एक. या तिन्ही तारा नेमक्या एका सुरात नसतील तर बीट येते, 'वॉव-वॉव'. एका हर्ट्झचा फरक असेल तर सेकंदाला एक बीट. काटा लयीत झुलतो तो यामुळे. पण फसवणारी गोष्ट वेगळी आहे. फरक पाव हर्ट्झचा असेल तर चार सेकंदांत एकच बीट येते. ती कुणाला बीट वाटत नाही, सूर सावकाश कुठेतरी निघून गेल्यासारखा वाटतो.

आणि दोन तारा सारख्या वेगानं विझत नाहीत. सुरुवातीला जिचा आवाज मोठा, तिचा सूर काटा दाखवतो. ती आधी थकली आणि दुसरी टिकली, की काटा दुसरीच्या सुरावर जाऊन बसतो. "दोन-तीन सेकंदांनी सूर सरकतो आणि तिथेच राहतो" या लक्षणाचं हे नेहमीचं कारण. तारा ब्रिजमार्फत (त्या ज्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीतून) एकमेकींना ढकलत असतात, त्यामुळे आवाजाचा पहिला दणका आणि मागे रेंगाळणारी आस यांचा विझण्याचा वेग वेगळा असतो. मिशिगन विद्यापीठातल्या गॅब्रिएल वाइनराइख यांनी १९७७ मध्ये हे गणितासह मांडलं. त्यातली मला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट अशी की तारांमध्ये अगदी बारीक फरक असला तर आस उलट लांबते. म्हणजे चांगल्या ट्यूनरनं (सूर लावणाऱ्या कारागिरानं) लावलेल्या पियानोतही काटा दगडासारखा स्थिर राहणार नाही, आणि राहावा असा हट्टही नको.

तपासणी अशी. रबरी पाचर घ्या. बाजारात न मिळाल्यास खोडरबर तिरका कापून चालतो. तिनातल्या दोन तारा पाचरीनं मुक्या करा, एकच वाजू द्या, रेकॉर्ड करा. मग दुसरी एकटी, मग तिसरी. प्रत्येक तार एकटी स्थिर आणि तिघी मिळून झुलतात, तर दोष फक्त जुळणीचा. ट्यूनिंगनं तो जातो. पाचर हलक्या हातानं सरकवा, तारांत ठोकू नका.

एकटी तारही झुलते तेव्हा

याला खोटी बीट म्हणतात. दुसरी तार नसताना बीट येते, कारण एकच तार आडवी आणि उभी अशा दोन दिशांना किंचित वेगळ्या सुरांत हलते. ब्रिजवरची खीळ सैल झालेली असते, तार तिथे गंजलेली असते, किंवा तारेला कधीतरी मोड पडलेला असतो. सूर वाजत असताना ब्रिजच्या खिळीला स्क्रूड्रायव्हरचं टोक बाजूनं हलकेच टेकवा. बीट थांबली तर खीळ सैल आहे. टेकवायचं, ठोकायचं नाही. एवढं कळलं की तुमचं काम इथे संपलं.

खरोखर किती घसरतो, ते मोजायचं असेल तर

एका तारेचं, फिल्टर लावलेलं रेकॉर्डिंग घ्या. ऑडॅसिटीत दुसऱ्या ट्रॅकवर ४३८ हर्ट्झचा सूर तयार करा, पियानोच्या मधल्या आवाजाइतका. दोन्ही एकत्र मिसळा. आता लाटेच्या चित्रात दऱ्या दिसतील. पियानो बरोबर ४४० वर असेल तर दोन दऱ्यांमध्ये अर्ध्या सेकंदाचं अंतर. ४४०.५ वर असेल तर ०.४ सेकंद. म्हणजे सुरुवातीच्या दऱ्या ०.४ सेकंदांवर आणि नंतरच्या ०.५ सेकंदांवर असतील, तर सूर साधारण दोन सेंटनं उतरला.

संदर्भाचा सूर मुद्दाम दोन हर्ट्झ खाली का? नेमका ४४० घेतला तर बीट आली तरी पियानो चढा की उतरता हे कळत नाही. खाली घेतला की नियम साधा: दऱ्या जवळ म्हणजे चढा, लांब म्हणजे उतरता. ही पद्धत मला कुठल्याही काट्यापेक्षा भरवशाची वाटते, कारण यात मधे कुणी अंदाज बांधत नाही. जमेल तेव्हा हळू आणि जोरात अशा दोन्ही ठोक्यांवर करा; पहिल्या तपासणीतला ताणाचा नियम डोळ्यांसमोर दिसतो.

सूर दिवसागणिक उतरतो, ही वेगळी तक्रार आहे

एका ठोक्यात पिन, म्हणजे तार जिच्यावर गुंडाळलेली असते ती खुंटी, सुटून सूर उतरत नाही. पिन सरकते ती दिवसांत, आठवड्यांत. काल-आजचा फरक असेल तर हवा बघा. हवेत ओल आली की साउंडबोर्ड (तारांमागची मोठी लाकडी फळी) फुगतो आणि सूर चढतो. कोरड्या उन्हाळ्यात तो आक्रसतो आणि सूर उतरतो. मधूनच पाण्याचा कूलर लावला की खोली दोन ऋतूंत झुलते, म्हणून कूलरचं तोंड पियानोकडे नको. उन्हाची तिरीप थेट तारांवर येत असेल तर फळी काढल्यावर दहा-पंधरा मिनिटांत सूर हलतो. फक्त तारा एका अंशानं तापल्या तरी दोनेक सेंटचा फरक पडतो. म्हणून उघडल्यावर थोडा वेळ जाऊ द्या, मग मोजा.

इथे थांबा

खालचं काही दिसलं तर हात मागे घ्या आणि ट्यूनरला बोलवा.

ट्यूनिंग लिव्हर (पिना फिरवायचा पाना) ऑनलाइन मिळतो म्हणून घेऊ नका. पियानोच्या लोखंडी चौकटीवर सगळ्या तारांचा मिळून काही टनांचा ताण असतो आणि तुटलेली तार चेहऱ्यावर येते. एकाच भागातल्या अनेक पिना सुटत असतील, ब्रिजवर खिळ्यांच्या रांगेत चीर दिसत असेल, साउंडबोर्ड तडकून घरघरत असेल किंवा तारांवर गंजाची पुटं असतील, तर हे घरचं काम नाही. सैल पिनेवर तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारणारे भेटतात. पिन लाकडातल्या घर्षणावर टिकते. तेल आत मुरलं की ते लाकूड कायमचं गेलं. पियानो संबंध अर्धा सेमीटोन उतरलेला असेल तरी स्वतः चढवायला जाऊ नका, ते टप्प्याटप्प्यानं करावं लागतं.

माझ्या ओळखीच्या बहुतेकांना ट्यूनर पुण्याहूनच बोलवावा लागतो. रात्री हुतात्मा एक्स्प्रेसनं उतरून दुसऱ्या दिवशी काम करणं त्याला सोयीचं पडतं, आणि शहरातले दोन-तीन पियानो एकाच फेरीत ठरवले तर प्रवासखर्च वाटला जातो. मोठ्या ऋतुबदलाच्या तोंडावर बोलावू नका. पाऊस सुरू होऊन हवा बसली की मगच.

येण्याआधी त्याला रेकॉर्डिंग पाठवा: तक्रारीची पट्टी, हळू आणि जोरात, तिन्ही तारा मिळून आणि एकेक सुटी. पंखा बंद होता की चालू तेही लिहा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवाल तर ऑडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे वेव्ह फाइल आहे तशी पोचेल.